मौजे लुईस, तालुका अटलांटिक

तलाठ्याला परदेशात नेऊन सोडलं, तरी तो आधी गावठाण कुठं संपतं आणि शिवार कुठं सुरू होतं ते बघतो. माझी उभी नोकरी सातबारे लिहिण्यात गेली. ताजमहाल बघतानासुद्धा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला होता, की एवढी जागा बिनशेती कधी झाली? त्यामुळे आमच्या डॉक्टर मुलीला स्कॉटलंडमधल्या स्टॉर्नोवेला काही महिन्यांचं काम मिळालं आणि तिनं ‘उन्हाळ्यापुरते दोघंही या’ म्हणून तिकिटं पाठवली, तेव्हा शेजारीपाजारी लंडनमधल्या राजवाड्याची चौकशी करू लागले आणि मी नकाशा काढून बसलो.

नकाशात गाव सापडायला चष्मा दोनदा पुसावा लागला. ग्रेट ब्रिटनच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर, आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची ओळ आहे. तिच्या उत्तर टोकाला लुईस. उलापूलच्या बंदरातून बोटीनं अडीचेक तास. सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या २६ हजारांच्या आसपास. आमच्याकडे एवढी माणसं आठवडी बाजारात हरवतात. त्यातून मुलीनं भाड्यानं घेतलेलं घर स्टॉर्नोवे शहरातही नव्हतं. ते होतं पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात. “शांत आहे गं,” असं ती आईला फोनवर म्हणाली होती. शांत म्हणजे काय, तर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत काळपट, ओला माळ, मधून घरांची विरळ रांग आणि झाड म्हणाल तर नावाला नाही. बाकी सगळा वारा. घराघरापुढचे कचऱ्याचे डबे दोरखंडानं बांधलेले. सौ. गाडीतून उतरली, डब्यांकडे बघितलं आणि बरोबर आणलेल्या साड्या बॅगेतच ठेवायचं तिनं जागच्या जागी ठरवलं.

मला मात्र पाटी बघताच बरं वाटलं. घराच्या पत्त्यात नुसता नंबर आणि गावाचं नाव. रस्ता नाही, गल्ली नाही, ‘अमुक निवास’ नाही. आणि नंबर घराचा नव्हेच, जमिनीचा! इथल्या शेतीच्या तुकड्याला क्रॉफ्ट म्हणतात. समुद्रापासून माळाकडे चढत जाणाऱ्या लांबुळक्या, अरुंद पट्ट्या, एकीला लागून दुसरी. ज्या क्रॉफ्टवर घर, त्या क्रॉफ्टचा नंबर हाच पत्ता. म्हणजे गट नंबर टाकून पत्र पोचतं. अशा गावात तलाठ्याला परकं वाटण्याचं कारणच उरत नाही. सौ. अजून किटली शोधत होती, तोवर मी चतुःसीमा बघून आलो.

परकं वाटलं ते रस्त्यावर. तिथला रस्ता एकपदरी, आणि थोड्या थोड्या अंतरावर गाडी बाजूला घ्यायला फुगवटा काढून ठेवलेला. समोरून गाडी आली की फुगवटा ज्याला जवळ त्यानं थांबायचं. दुसऱ्यानं पुढं जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. एकच. हात स्टिअरिंगवरून हलता कामा नये. या एका बोटात आभार, रामराम, ‘काल तुमच्याकडं पाहुणे आले होते वाटतं’ आणि ‘बायकोचा गुडघा कसा आहे’ एवढं सगळं बसतं. चार बोटं उचलली तर ओळख जुनी. पूर्ण पंजा हलवणारा हमखास पर्यटक. मी शेजारच्या सीटवर बसून उत्साहानं बोट वर करायचो. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचं धरत नाहीत. चालवणाऱ्याचंच धरतात.”

मग मी पायी निघालो. निवृत्त माणसाला संध्याकाळी फेरफटका लागतो. पण त्या गावात पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, अशी पक्की समजूत आहे. बरोबर कुत्रं असेल तर एक वेळ माफ. मी दोन शेतं ओलांडली नाहीत तोच एक गाडी थांबली. “कुठं सोडू?” मी म्हटलं, “कुठंच नाही, नुसता चालतोय.” त्या गृहस्थांनी आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दार उघडून धरलं. एवढ्या मायेनं उघडलेलं दार बंद कसं करायचं? बसलो. त्यांनी मला घरी आणून सोडलं. घर कुठलं, हे मी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेनं गेलो, तर पोस्टाच्या लाल गाडीतून परत आलो. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय, हे शेवटी मुलीनं गावातल्या एका आजींच्या कानावर घातलं. त्यानंतर गाड्या थांबायच्या बंद झाल्या. आता त्या हळू व्हायच्या, काच खाली व्हायची आणि “आज किती झालं?” अशी चौकशी व्हायची.

या आजी समोरच्या घरात राहायच्या. गावातली प्रत्येक बातमी त्यांच्या खिडकीतून जा-ये करायची. आमच्या येण्याची नोंद तिथं आधीच झाली होती. पहिल्या भेटीत त्यांनी आमचं नाव विचारलं नाही. “तुम्ही कुणाकडचे?” एवढंच विचारलं. डॉक्टरीणबाईंकडचे म्हटल्यावर मान हलली, विषय संपला. नाव सांगून उपयोगही नव्हता. त्या बेटावर मॅकलाउड, मॅकडोनाल्ड, मॉरिसन आणि मॅकआयव्हर एवढ्यांनी निम्मी मतदारयादी भरावी अशी परिस्थिती. त्यातही पहिली नावं ठरलेली. आजोबांचंच नातवाला. म्हणून मग बापाचं नाव, आजाचं नाव, हाताचा धंदा, डोक्याचा रंग, नाहीतर चाळीस वर्षांपूर्वीची एखादी फजिती, हे जोडून माणूस ओळखायचा. मी हे ऐकून गहिवरलो. एकाच गावात एकाच नावाचे पाच पाच खातेदार आणि बँकेचा बोजा भलत्याच्याच उताऱ्यावर, हे दुःख ज्यानं भोगलंय त्यालाच टोपणनावांची थोरवी कळेल. मला ‘डॉक्टरणीचे वडील’ हे नाव पडलं. सौ.ला स्वतंत्र नाव मिळालं: ‘लाडूच्या बाई’.

त्याचं असं झालं. एका सकाळी आमच्या दाराच्या कडीला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली. आत चार बांगडे, डोळे अजून चकचकीत. आपल्या बांगड्यांपेक्षा अंगानं भरलेले, पण भाऊबंद नक्की. कुणी दिले, काही पत्ता नाही. चिठ्ठी नाही, हाक नाही. मुलगी म्हणाली, “इथं असंच असतं. कुणाला जास्त मासे मिळाले की वाटतात.” सौ. म्हणाली, “पण भांडं रिकामं परत द्यायचं कसं?” मुलगी म्हणाली, “आई, ती पिशवी आहे.” “पिशवी तर पिशवी.” तिनं बेसन भाजायला घेतलं. देणारा कोण ते ठाऊक नसल्यानं लाडवांची पिशवी आजींच्या कडीला लावली. माल योग्य ठिकाणी पोचवायची जबाबदारी खिडकीची. दुसऱ्या दिवशी आमच्या कडीला बटाटे. आम्ही चकल्या लावल्या. मग अंडी आली. शंकरपाळे गेले. मग एक भला मोठा काळा, गोल दांडा आला. स्टॉर्नोवेचा प्रसिद्ध ब्लॅक पुडिंग. २०१३ साली त्याला युरोपात भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे आपल्या हापूसच्या पंक्तीत बसणारा मानकरी. तो ओटमील, चरबी आणि रक्त यांचा करतात हे मुलीनं सांगितलं, तेव्हा सौ.नं दोन पावलं मागं घेतली. पण परत पाठवला नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाली, “हे खातील.” मी खाल्ला. चांगला लागतो. मात्र त्या दिवशी परतफेडीला काय लावावं याच्यावर आमच्या घरात जी चर्चा झाली, तेवढी मुलीच्या लग्नात आहेरावर झाली नव्हती.

रविवारचं प्रकरण मात्र मुलीनं आम्हाला विमानतळावरच समजावून ठेवलं होतं. लुईसमधली प्रेस्बिटेरियन मंडळी कडक. रविवार देवाचा. काम नाही, दुकान नाही, करमणूक नाही. कपडे वाळत घालायचे नाहीत. पूर्वी बागेतले मुलांचे झोपाळेही रविवारी कुलूप घालून ठेवत. स्टॉर्नोवेला रविवारचं विमान सुरू झालं २००२ साली आणि रविवारची बोट २००९ साली. दोन्ही वेळा विरोध झाला. हे सगळं सांगताना मुलीचा सूर असा, की आई, जरा सांभाळून घे. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “बरोबरच आहे त्यांचं.” एकादशीला भात नाही, अमावास्येला प्रवास नाही, शनिवारी नखं कापायची नाहीत, हे जिनं जन्मभर पाळलं आणि आम्हाला पाळायला लावलं, तिला आणखी एका वाराचं काय ओझं? तिला आश्चर्य वाटलं ते उरलेले सहा दिवस या लोकांनी मोकळे कसे सोडले याचं. आजींनी तिला सांगितलं, की त्यांच्या लहानपणी रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून ठेवत, पाणीही शनिवारीच भरून ठेवत. सौ.नं त्यांना शितळासप्तमीची हकिकत सांगितली, आदल्या दिवशीच रांधायचं आणि चूल थंड ठेवायची. आजींनी तिचा हात धरला. त्यानंतर रविवारी मी दाढीचं सामान काढलं की दोन घरांतून दोन जोडी डोळे वटारायचे.

आजींबरोबर सौ. एकदा देवळातही गेली, म्हणजे चर्चमध्ये. तिथं पेटी नाही, ऑर्गन नाही, काही नाही. पुढं एकजण स्तोत्राची ओळ टाकतो आणि मागची मंडळी ती गेलिक भाषेत, बसल्या बसल्या उचलतात. ज्याची त्याची गती वेगळी, ज्याच्या त्याच्या हरकती वेगळ्या. सगळे एका वेळी संपवतील असं वाटत नाही, आणि संपवतात. सौ. आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाची जुनी सभासद. घरी आल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “टाळ दिले असते तर बिघडलं असतं.” त्या क्षेत्रात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तिची पंचाईत झाली ती दिवेलागणीची. जूनमध्ये तिथं सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो. शुभंकरोतीची वेळ होईपर्यंत मी अर्धी झोप काढलेली असे. सूर्यास्त तो सूर्यास्त, घड्याळाशी आपल्याला कर्तव्य नाही, असं म्हणून ती साडेदहाला निरांजन लावायची आणि मला उठवून बसवायची.

वाण्याचा प्रश्न स्टॉर्नोवेत सुटला. गेल्या शतकात अखंड पंजाबातून काही मंडळी पेटीत कापड घालून दारोदार विकत या बेटावर आली आणि राहिली. त्यांच्या पुढच्या पिढ्या आज गेलिक बोलतात. २०१८ मध्ये त्यांच्यासाठी छोटी मशीदही झाली. कोथिंबीर कुठं मिळते हा प्रश्न आपण हिंदीत विचारावा आणि उत्तर स्कॉटिश हेलातल्या इंग्रजीत यावं, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

आता मुख्य विषयाकडं येतो. प्रत्येक गावाचं एक सामाईक गायरान असतं. तिथंही आहे. कुणी किती मेंढ्या सोडायच्या याचा कोटा ठरलेला. त्यावर देखरेख ठेवायला कमिटी आणि कमिटीला एक क्लार्क. हे क्लार्क म्हणजे सत्तरी ओलांडलेले, अंगावर लोकरीचा जुना स्वेटर, तोंडावर वाऱ्यानं काढलेल्या रेघा. त्यांचं दफ्तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी तो डबा ठेवला, झाकणावर हात ठेवला आणि ‘काय हवंय?’ अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली. झाकणावरचा तो हात तर माझाच होता.

मी विचारलं, “तुमच्या स्वतःच्या मेंढ्या किती?”

“वारा पश्चिमेला वळलाय,” ते म्हणाले.

पुढं कळलं, की त्या गावात नको असलेल्या प्रश्नाला हवामानाचं उत्तर देतात. हवामान भरपूर असल्यामुळे उत्तरं कधी संपत नाहीत.

आमचं जमलं ते कायद्यावरून. क्रॉफ्ट म्हणजे चहूबाजूंनी नियमांनी वेढलेला जमिनीचा तुकडा, अशी तिथली जुनी थट्टा आहे. १८८६ साली त्यांच्याकडं कूळकायदा आला. कुळाला मनमानी काढायचं नाही, खंड वाजवी आणि जमीन वारसाला मिळणार. मी आमचा १९४८चा सांगितला. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि फार उशीर केलात, असा चेहरा केला. मग मी राखून ठेवलेला पत्ता टाकला: १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कूळ मालक झालं! तुमच्याकडं क्रॉफ्ट विकत घ्यायचा हक्क कधी? “१९७६,” ते नाइलाजानं म्हणाले. बरोबरी झाली. पण मालक व्हायचा हक्क मिळूनही कितीतरी जणांनी जमीन घेतलीच नाही म्हणे, कारण वर्षाचा खंड इतका किरकोळ, की कूळ राहणंच परवडतं. हे ऐकून मला आमच्या भाडेकरूंची आठवण झाली आणि मी ती बोलून दाखवली नाही.

मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे बत्तीस किलोमीटरचा. क्रॉफ्टवाल्यानं आपल्या क्रॉफ्टपासून ३२ किलोमीटरच्या आत राहिलं पाहिजे. दूर ग्लासगोला जाऊन बसला, तर क्रॉफ्टांवर देखरेख करणारं कमिशन विचारणा करू शकतं आणि शेवटी जमीन दुसऱ्याला देऊ शकतं. हा कायदा कोकणात लावला तर? दादर-परळच्या चाकरमान्यांच्या नावावरची आंब्याची कलमं एका दिवसात मोकळी होतील, आणि दुसऱ्या दिवशी मंत्रालय पेटेल. क्लार्कसाहेबांना मी गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं वर्णन सांगितलं. ते म्हणाले, “आमचेही येतात. जुलैत. आणि आल्या आल्या कुंपण कसं घालावं ते शिकवतात.”

एकदा स्टॉर्नोवेचा वाडा दाखवायला त्यांनी नेलं. मोठा, बुरुजांचा. भोवती चक्क झाडं, बेटावर एरवी न दिसणारी. हे सगळं बेट १८४४ साली जेम्स मॅथेसन यांनी विकत घेतलं आणि हा वाडा बांधला. पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातला. आता जार्डिन-मॅथेसन कंपनीला मुंबईहून माळव्याची अफू पुरवणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय होते, आणि माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. मी ही साखळी जोडून दाखवली. क्लार्कसाहेब थबकले. “म्हणजे आमचा वाडा तुमच्या अफूचा?” म्हटलं, “आणि आमचं जे.जे. हॉस्पिटलही. तरी आम्हाला दवाखाना मिळाला.” त्यांच्या वाट्याला वाड्याशिवाय काय आलं, तर बटाट्यावर रोग पडून दुष्काळ झाल्यावर मॅथेसनसाहेबांनी हजारावर माणसं कॅनडाच्या बोटींत बसवून दिली. क्लार्कसाहेबांच्या पणजीची भावंडं त्यात होती. ते एवढंच म्हणाले, “पाऊस येणार.” खरोखरच आला.

त्याच शहरात जन्मलेला कॉलिन मॅकेन्झी १८१५ साली हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे आमच्या खात्याचा मूळपुरुष इथला. मी मनातल्या मनात नमस्कार केला. पण आमच्या खेड्यात पीटच्या (माळातून कापून, वाळवून चुलीत जाळायच्या काळ्या गाळाच्या) खाणी कुठली कुणाची हे मला कुठल्याच कागदावर दाखवता येईना. सगळं गावाला पाठ. पिढ्यान् पिढ्या जिथं ज्याची कुदळ, तिथं त्याची हद्द. मी विचारलं, “आणि कुणी विसरला तर?” ते म्हणाले, “विसरायला दुसरं काम काय आहे?” माणसानं कागदाशिवाय इतकं निर्धास्त असणं बरं नव्हे, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांनी मला पीट कापायलाही नेलं. एकजण लांब दांड्याच्या हत्यारानं ओली वीट कापतो, दुसरा ती झेलून कडेला फेकतो. मी फेकणारा. संध्याकाळी सौ.नं माझ्या पाठीला लावायला जो बाम काढला, तो मागायला दुसऱ्या दिवशी आजीच आल्या. त्यांनाही हवा होता म्हणे. बाम माझ्या पाठीसाठी निघाला ही बातमी त्यांना कुणी दिली, ते आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

मेंढ्या गोळा करायच्या दिवशी सगळं गाव माळावर. कुत्री शिट्टीवर पळतात, माणसं हाका घालतात. मला एका भिंतीच्या खिंडारात उभं केलं आणि सांगितलं, मेंढ्या आल्या की हात पसरायचे. तासभर एकही मेंढी आली नाही. मग आल्या त्या सगळ्या एकदम. हात पसरून मी जमाव आवरण्याचा अधिकार बजावला. मेंढ्यांनी तो मानला. तहसील कचेरीपुढच्या मोर्चानं कधी मानला नव्हता.

निघायच्या आदल्या आठवड्यात क्लार्कसाहेब संध्याकाळी स्वतः घरी आले. बरोबर पत्र्याचा डबा. हे मोठंच झालं. दफ्तर घराबाहेर निघत नसतं. त्यांनी नकाशा पसरला. गावाच्या वरच्या अंगाला दोन म्हाताऱ्यांचा कुंपणाचा तंटा आहे, मी तो पहिल्या आठवड्यातच हेरला होता. दोघं शेजारी, दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद. कुंपण फूटभर इकडं की तिकडं, एवढाच मुद्दा. इतके दिवस माझं मत कुणीच विचारलं नव्हतं याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा अपमानच वाटत होता.

“तुमच्याकडं असं झालं तर काय करतात?” त्यांनी विचारलं.

मी खुर्ची पुढं ओढली. मोजणीचा अर्ज, फी, नोटिसा, पंच, खुणा. मग खुणा उपटल्याची तक्रार. मग तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, कमिशनर, मुंबई. मध्ये दिवाणी दावा. सौ. चहा ठेवून गेली, परत येऊन कप घेऊन गेली. त्यांनीही त्यांचं लँड कोर्ट सांगितलं. १९१२ साली सुरू झालेलं. त्यात एक सभासद गेलिक बोलणारा असलाच पाहिजे असं कायद्यातच लिहिलेलं, आणि ते कोर्ट स्वतः शेतावर येऊन बघतं. आमच्यात एवढी रंगलेली बैठक त्या उन्हाळ्यात झाली नव्हती. निरांजनाची वेळ होऊन गेली.

नकाशाची घडी घालता घालता ते थांबले.

“या सगळ्यात गावच्या तलाठ्याला काय मिळतं?”

“पगार.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं टक लावून बघितलं.

“नुसता पगार?”

मी खिडकीबाहेर नजर टाकली. “वारा पश्चिमेला वळलाय,” मी म्हणालो.